दिवे घाटात उतरलेली सूज



गेल्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, उद्यान गणेशाच्या बाजूला, मी पाय वर घेऊन बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई येऊन टेकल्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. माळकऱ्याला माळकऱ्याची ओळख काढायला वेळ लागत नाही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे, आणि आपुलकीने विचारले, "माऊली, सूज कसली हो ही?" मी म्हटले, "गोळीची. रक्ताच्या कर्करोगाची गोळी चालू आहे." तशा त्या जवळ सरकल्या. "मग तुम्ही वारीला याच. आमच्या ओळखीच्या दिंडीत इथल्याच, शिवाजी पार्कच्या एक आजी होत्या. अगदी तुमच्यासारखी सूज. दिवे घाट चढता चढता सगळी उतरली. माथ्यावर पोचल्या तेव्हा बरोबरच्यांनी ओळखले नाही, इतका चेहरा पालटला. गोळ्यासुद्धा सुटल्या म्हणतात."

वाचकहो, त्या आजी म्हणजे मीच.

सूज उतरली होती, एवढे खरे. पण ती घाटात उतरली नाही. ती पुण्याला पोचण्याआधीच, दादरच्या घरात उतरली होती. कारण घरून निघण्याच्या दहा दिवस आधीपासून मी गोळी बंद केली होती, आणि ही गोष्ट मी एकाही माणसाला सांगितली नव्हती. ज्या दिंडीतून ही कथा निघाली तिथल्या पुष्कळ घरांत हे मासिक जाते. म्हणून दुरुस्तीही इथेच करते आहे.

थोडे मागचे सांगते. २०१८ च्या दिवाळीनंतर मला फार थकवा येऊ लागला. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड ठेवल्यासारखे वाटे. रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी जिथे चार ते अकरा हजार असायला हव्यात तिथे एक लाख चाळीस हजार. परळच्या टाटा रुग्णालयात निदान झाले ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे. आपल्या घरापासून बसने वीस मिनिटांवर असलेल्या या इमारतीच्या मुळाशी हाच रोग आहे, हे मला तेव्हा कळले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. मेहेरबाईंच्या वेळी या रोगावर नेमके औषध नव्हते. माझ्या वेळी रोज एक गोळी होती. इमॅटिनिब तिचे नाव.

ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जाई, आणि आपल्या देशात तयार होणारी तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळे. मूळ कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा विरोधाला उभे राहिलेल्यांत आपल्या मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट नाकारले. माझ्या ताटाशेजारी पाण्याच्या तांब्याजवळ ती गोळी येऊन पडायला एवढ्या लोकांचे हात लागले आहेत. ती मी नंतर काय केली ते पुढे येईलच.

गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात पेशी आटोक्यात आल्या. दुसऱ्या महिन्यात डोळ्यांखाली सूज दिसू लागली. सकाळी उठले की पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या असत. दुपारपर्यंत तोंड जरा ओसरे, तर संध्याकाळी घोटे भरून येत. डॉक्टरांनी पुढे मला समजावले ते असे: ही गोळी रोगाच्या पेशीतल्या ज्या बिघडलेल्या प्रथिनाला अडवते, त्याच्याबरोबर शरीरातली एकदोन चांगली प्रथिनेही तिच्या तावडीत सापडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी भोवतालच्या मांसात पाझरते, असे मानतात. डोळ्यांभोवतीची कातडी सर्वांत पातळ आणि सैल, म्हणून पाणी तिथे आधी दिसते. रात्री आडवे पडल्यावर ते तोंडाकडे सरते आणि दिवसभर उभे राहिले की पायांत उतरते. ही गोळी घेणाऱ्या पुष्कळांना हे होते. रोग वाढल्याची ती खूण नव्हे.

पण हे समजायच्या आधीचे सहा महिने मी कसे काढले ते सांगायला हवे.

शिवाजी पार्कात आम्ही चाळीस वर्षे राहतो. कट्ट्यावर फेरी मारताना दर दहा पावलांवर ओळखीचे भेटणार. कोणी म्हणे, "झोप झाली नाही वाटते." कोणी हळूच विचारी, "घरी काही झाले का? रडलात का?" एक जण तर कौतुकाने म्हणाल्या, "आजार मानवला हो तुम्हाला, गाल भरलेत." त्यांचा हेतू वाईट नव्हता. जोडवी बोटांत रुतली, ती रानडे रोडजवळच्या सोनाराकडून कापून घेतली. कापताना त्याने मान वर केली नाही, याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे. मग मी फेरीची वेळ बदलली. पहाटे अंधारात जायचे. पुढे तेही सोडले. आमच्या महिला भजनी मंडळात मी तीस वर्षे टाळ धरत होते. तिथे जाणे बंद केले, कारण भजनात सगळ्यांची तोंडे समोरासमोर असतात.

डॉक्टरांना का नाही सांगितले, असे तुम्ही म्हणाल. टाटाच्या बाकावर दोन तास बसून पाहा. एकाचा अर्धा जबडा काढलेला आहे. एका लेकरूच्या डोक्यावर केस नाहीत आणि ते आईच्या मांडीवर चित्रे काढते आहे. तिथे आपला नंबर आल्यावर "माझे डोळे सुजतात हो" असे सांगायला जीभ उचलत नाही. मी "सगळे ठीक" म्हणे आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन बाहेर पडे. त्याला मी सोशिकपणा समजत होते. आज विचाराल तर त्यात अभिमानच जास्त होता.

ज्येष्ठ लागला. २०१९ ची आषाढी जवळ आली. दरवर्षीप्रमाणे पुण्याहून सासवडपर्यंत चालायचे होते. पंढरपूरपर्यंत पायी जाणे गुडघ्यांनी आधीच सोडवले होते. मनात एकच घोळू लागले की हे असले तोंड घेऊन माऊलींच्या पालखीसमोर कसे जायचे? दिंडीतले लोक वर्षाने भेटतात, त्यांना काय सांगायचे? एका रात्री जेवणानंतर गोळी पाकिटातून काढली आणि तोंडात न टाकता देवघरातल्या बुक्क्याच्या रिकाम्या डबीत टाकली. सून पाकिटे मोजत असे, म्हणून पाकीट रिकामे दिसायला हवे होते. दुसऱ्या दिवशीही तेच केले.

आठवड्यात तोंड उतरले. आरशात माझी मी दिसले. आणि वाचकहो, इथे माझी पहिली चूक संपून दुसरी सुरू होते. मला मनापासून वाटू लागले की ही पांडुरंगाची कृपाच आहे. गोळी बंद केल्याने सूज उतरली हे मला ठाऊक होते. तरी दोन्ही गोष्टी मी एकाच मनात शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची भेट होऊ दिली नाही.

दिवे घाटात पाऊस भुरभुरत होता. वळणावळणाने पताका वर सरकत होत्या आणि टाळांचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. माथ्यावर बसलो तेव्हा बरोबरच्या बायकांना मी आजाराची हकीगत सांगितली. चेहरा किती सुजला होता ते सांगितले, मोबाइलमधला फोटो दाखवला. एक जण हात जोडून म्हणाली, "बघा, माऊलींनी घाटात सूज काढून घेतली." मी नाही म्हटले नाही. नुसती हसले. त्या हसण्याचीच पुढे गोष्ट झाली.

त्या घोळक्यात बार्शीच्या एक ताई होत्या. त्यांच्या भावाला हाच आजार, हीच गोळी. त्यांनी माझा फोन नंबर घेतला आणि म्हणाल्या, "त्यालाही सांगते. फार कंटाळलाय तो त्या गोळीला." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, हे मला स्पष्ट आठवते. तरीही मी गप्प राहिले. घोळका उठला, चालू लागला, आणि बोलण्याची वेळ निघून गेली. खरे तर वेळ निघून गेलीच नव्हती. सासवडपर्यंत अख्खी वाट पडली होती.

घरी आल्यावरही गोळ्या डबीतच पडत राहिल्या. एकूण त्रेचाळीस. ऑगस्टमध्ये तपासणी झाली. या रोगात रक्तातला रोगाचा अंश मोजण्याची एक नाजूक चाचणी असते. माझा आकडा आधी एकच्या आत आला होता. वर्ष पुरे होताना तो ०.१ च्या खाली जावा अशी अपेक्षा. तो चारच्या पुढे गेला होता. डॉक्टर कागद पाहून गंभीर झाले. औषधाला रोग दाद देईनासा झाला की काय, पेशींत नवा बदल झाला की काय, दुसरे औषध द्यावे लागेल का, असे ते बोलू लागले. मी पिशवीतून डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी झाकण उघडले. बुक्का लागून काळवंडलेल्या गोळ्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, "सूज येते हे मला एकदाही का नाही सांगितलेत? सुजेवर उपाय आहेत."

त्या दिवशी त्यांनी मला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला २०१० सालचा एक अभ्यास सांगितला. याच गोळीवर असलेल्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात छोटे यंत्र बसवून, बाटली कधी उघडली जाते याची तीन महिने नोंद ठेवली होती. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत रोग खोल दबण्याचे प्रमाण शंभरात चौऱ्याण्णव होते. बाकीच्यांत ते अठ्ठावीस. दहांत एक म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. माझ्या डबीत त्रेचाळीस होत्या.

गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली. सूजही परत आली. पण या वेळी आम्ही दोघी उघडपणे नांदायला लागलो. आधी डॉक्टरांनी हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड तपासून घेतले, कारण गोळी चालू असली तरी सूज दुसऱ्या कारणानेही येऊ शकते. मग लघवी वाढवणारी गोळी थोडे दिवस दिली. ती त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यायची, कोणा शेजारणीची घ्यायची नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, म्हणजे डोके उंच राहते. संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे ते पाय लोंबकळत न ठेवता वर घेऊन. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. एकदोन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, किंवा आडवे पडल्यावर धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी श्री लिहिले आहे.

मिठाचे मात्र आपल्या माळकऱ्यांना नीट सांगायला हवे. लोणचे, पापड, फरसाण सोडले तेव्हा मला वाटले झाले. एकादशीला सैंधव घालून खिचडी खात होते, वर उपासाचे वेफर्स. सैंधव म्हणजे उपासाचे, म्हणजे सात्त्विक, अशी आपली समजूत. रुग्णालयातल्या आहाराच्या बाईंनी सांगितले की सैंधवातही सोडियमच असते आणि सुजेला ते साध्या मिठासारखेच बाधते. 'प्रकाश'मधला साबुदाणा वडा मी आता वर्षातून दोनदा खाते, तोही अर्धा. अर्धा ह्यांच्या ताटात जातो आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही. मीठ कमी असलेले म्हणून जे खास मीठ बाजारात मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंड अधू असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते, तेव्हा तेही विचारल्यावाचून आणू नये. पुनर्नवेचा काढा मला किमान सात जणांनी सुचवला. डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले या गोळीबरोबर आपल्या मनाने कोणताही काढा नको. मग घेतला नाही.

एकादशीचे कोडे राहिले होते. ही गोळी भरल्या पोटी, मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते. निर्जळा एकादशी मी लग्नाआधीपासून करत आले. मंडळात येणाऱ्या कीर्तनकार बुवांना विचारायला गेले, तेव्हा मनातून त्यांनी "तुमची श्रद्धा" म्हणून माझ्यावर सोडून द्यावे अशी आशा होती. त्यांनी सोडले नाही. म्हणाले, "दशमीला जेवता तसे एकादशीला फराळाचे पोटभर खा, पाणी प्या, गोळी घ्या. आणि गोळी घेताना हरीचे नाव घ्या, म्हणजे तुमचे आणि डॉक्टरांचे दोघांचे भागेल." निर्जळा तेव्हापासून गेली. पहिल्या वर्षी मला रडू आले.

आणखी एक सांगते, कारण वाचणाऱ्यांत कोणाकोणाच्या घरी वेगळी औषधे असतील. स्टेरॉइडने तोंड चंद्रासारखे गोल होते. ती निराळी गोष्ट, आणि ती औषधे एकदम थांबवणे फार घातक. स्तनाच्या कर्करोगात देतात त्या डोसिटॅक्सेलनेही अंगात पाणी साठते, म्हणून तिच्या आगेमागे दुसऱ्या गोळ्या देतात. त्या अंगाला सूज नको म्हणूनही असतात, चुकवू नयेत. शस्त्रक्रियेनंतर एकाच हाताला येणाऱ्या सुजेवर पट्ट्यांचे आणि मालिशचे शास्त्र आहे, ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर ती रक्ताची गाठ असू शकते. त्या दिवशी पारायण बाजूला ठेवून रुग्णालयात जावे.

बार्शीचा फोन मी पंधरा दिवस टाळला. मग केला. ताईंनी ओळख पटताच आनंदाने "बोला माऊली" म्हटले, आणि मला पुढचे बोलवेना. सगळे सांगितले. पलीकडे शांतता. भावाने गोळी सोडली होती का? सोडली होती. पंचवीस दिवस. ताप येऊ लागला म्हणून वहिनीने जबरदस्तीने बार्शीच्याच कर्करोग रुग्णालयात नेले, तेव्हा पुन्हा सुरू झाली. ताई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. दिंडीत जाऊन सर्वांसमोर सांगेन असे मी त्यांना कबूल केले. पण २०२० आणि २०२१ ला करोनामुळे पायी वारीच झाली नाही, आणि पुढे माझे चालणे राहिले ते राहिलेच. तेवढ्यात कथा माझ्यावाचून चालत राहिली.

पैठणच्या कूर्मदासांची कथा तुम्ही ऐकली आहे. हात नाहीत, पाय नाहीत, तरी पंढरीला सरपटत निघाले. लऊळपर्यंत पोचले आणि पुढे जाणे होईना, तेव्हा वारकऱ्यांबरोबर निरोप पाठवला, आणि देवच तिथे आला. लहानपणापासून कीर्तनात ही कथा ऐकताना मी देव आला इथे डोळे पुसत असे. आता दुसरेच लक्षात येते. देव भेटल्यावर कूर्मदासांना हातपाय फुटले असे मी एकाही बुवांच्या तोंडून ऐकलेले नाही. लऊळला त्यांची समाधी आहे, ती त्याच देहाची. दिवे घाटाच्या माथ्यावर आम्हा बायकांना मात्र हातपाय फुटल्याची गोष्ट हवी होती, आणि ती मी पुरवली.

आता दर गुरुवारी मी दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जाते. टाटात उपचार घेणारी गावोगावची माणसे तिथे राहतात. मराठवाड्यातली एक सूनवारी बाई होती, तिशीची. पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून बसायची. तिचीही हीच गोळी. मी तिच्याजवळ बसले आणि माझा चष्मा काढला. तिने पदराआडून पाहिले. मग मोबाइलच्या आरशात आम्ही दोघींनी पापण्या जुळवून पाहिल्या, कोणाची जास्त फुगली ते. तिची जिंकली. "गोळी घेतेस ना?" मी विचारले. ती गप्प झाली. उशाखालून तिने एक पुडी काढली. त्यात सहा गोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ती पुडी घेऊन परळला गेलो.

माझा आकडा ०.१ च्या खाली यायला दीड वर्ष लागले. सूज आहे. थंडीत कमी, पावसाळ्यात जास्त, असे मला वाटते. डॉक्टर त्याला दुजोरा देत नाहीत. भजनी मंडळात पुन्हा जाते. टाळ धरताना अंगठी नसते, एवढाच फरक.

कट्ट्यावरच्या त्या बाईंना मी सांगितले की ती म्हातारी मीच. त्यांना आधी खरे वाटेना. मग त्या जरा हिरमुसल्या. त्यांची जाऊ आजारी आहे, तिला सांगायला एक गोष्ट हाती लागली होती, ती मी काढून घेतली. त्या उठेपर्यंत मैदानातले दिवे लागले होते.

यंदाच्या आषाढीला पहाटे चारला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत उभी होते. पहाट म्हणजे माझ्या पापण्यांची भरती. डोळे इतके बारीक झाले होते की पुढच्या माणसाची छत्रीही अर्धीच दिसत होती. गाभाऱ्यासमोर पोचले तेव्हा दिव्यांच्या उजेडात काळे काही आणि पिवळे काही एवढे कळले. बोटाने एक पापणी उचलून धरली, तेव्हा कुठे विटेवरचे पाय दिसले. तिथल्या स्वयंसेवक मुलाने माझे तोंड पाहिले आणि रांग हाताने अडवून म्हणाला, "रडू नका आजी. थांबा दोन मिनिटं, निवांत घ्या दर्शन."

मी म्हटले, "रडत नाही रे बाळा. गोळीची सूज आहे."

त्याने क्षणभर पाहिले. हात तसाच आडवा ठेवला. म्हणाला, "असू दे. थांबा."